खोक्यात मावलेली रजई

पिंजलेल्या कापसाचा वास आला की मला अमरावतीतलं ते कुरिअरचं दुकान आठवतं. बहीण परदेशात बाळंत होणार होती आणि आईला व्हिसा मिळाला नव्हता, म्हणून तिनं दर्यापूरच्या आमच्या शेतातल्या कापसाची रजई शिवली होती. काउंटरवरच्या माणसानं खोक्याला टेप लावला आणि म्हणाला, "काकू, वजन कमी हाये, पण खोकं लय मोठं हाये. जागेचे पैसे जास्त लागतीन." मी पाकीट काढलं, तर आई म्हणाली, "थांब वं. कापूस हाये, दाबला का दबते." टेप काढून रजई बाहेर घेत, तिथंच फरशीवर चादर अंथरून, गुडघे रोवून, ती हवा काढत रजई गुंडाळू लागली. रांगेतल्या दोन अनोळखी बाया आपणहून खाली बसल्या आणि सुतळी ओढू लागल्या. पलंगभर रजई उशीएवढी होऊन लहान खोक्यात बसली, तेव्हा सगळं दुकान थक्क होऊन पाहत होतं. पुढे बहिणीनं व्हिडिओ कॉलवर सुतळी कापली. रजई श्वास घेतल्यासारखी हळूहळू फुलत गेली आणि तिनं त्या मऊ उबेत बाळाला ठेवलं. बाळानं डोळे मिटले. आईच्या हातांत एवढं बळ कुठून आलं होतं, हे आजही मला उमगत नाही.