माझ्या शब्दावर बंद झालेलं तळण

सत्तरच्या दशकात सक्करदऱ्याजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत असे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. ज्वारीची भाकर आणि भिजवलेले शेंगदाणे खाऊन बीएस्सी झालो, असं वर्गात छाती काढून सांगायचो. पोरं ऐकायची आणि मधल्या सुट्टीत कँटीनसमोर समोशासाठी रांग लावायची. तेल तीन-तीन दिवस तेच. सुट्टीनंतरच्या तासाला कुणाचं पोट दुखे, कुणी बाकावर डोकं टेकून झोपे.

कँटीन एक मावशी चालवत. खापा गावाहून आलेल्या, एकट्या, पोटापाण्याला तेवढंच. मी त्यांना म्हटलं, तळण बंद करा. मोड आलेली मटकी, झुणका-भाकर, पेरू ठेवा.

"गुरुजी, घरची भाकर इथं कोण खाईन? पोरं फाटकाबाहेर पळतीन. मंग मी काय करू?"

मी हेडमास्तरांकडे गेलो. ते म्हणाले, "तुम्ही करा. फाटकावर समोशाची एकही गाडी लागणार नाही, हा माझा शब्द." तो शब्द मी तसाच मावशींना नेऊन दिला. वर म्हटलं, "मी आहो ना."

पहिले आठ दिवस मटकी उरली. भाकर खाताना कुणी पाहिलं की पोरांना लाज वाटे. घरून आणलेली भाकरसुद्धा ती डब्याच्या झाकणाआड खायची. मग मीच रोज कँटीनसमोर ताडपत्रीवर बसून सगळ्यांदेखत जेवू लागलो.

आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, मटकी खाऊन गणित येते का?"

"मले आलं. तुह्यं तू पाहा वं. बस."

ती बसली. मैत्रिणीही बसल्या. महिनाभरात मावशींची टोपली सुट्टी संपायच्या आत रिकामी होऊ लागली.

मग शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला आले. हेडमास्तरांनी त्यांना मटकी खाऊ घातली, "ही आमची योजना," म्हणाले. त्याचंही मला काही वाटलं नाही. पण पुढच्याच सोमवारी फाटकाला लागून समोशाची गाडी उभी. गाडी हेडमास्तरांच्या मेहुण्याची. पोरं धावली. आमचे मास्तरही पुड्या घेऊन आले आणि माझ्यासमोर खात बसले.

मी जाब विचारला. हेडमास्तर चष्मा पुसत म्हणाले, "अहो, साहेब येऊन गेले ना आता. मुलांच्या तोंडाला कुलूप लावायचं का?"

मावशींना म्हटलं, तुम्हीही तळण पुन्हा लावा.

"आता? त्या गाडीपुढं?" त्या उरलेली मटकी गाईसाठी बादलीत ओतत होत्या. "गुरुजी, त्यायनं तुम्हाले फसवलं असन. मले तुम्ही फसवलं. हेडमास्तरले मी कुठं ओळखतो? तुमचं ऐकून बंद केलं मी."

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच मावशी कँटीन सोडून खाप्याला गेल्या. हेडमास्तरांशी मी वर्षभर बोललो नाही, एवढंच केलं. राजीनाम्याचा विचार मनातही आणला नाही. घरातली पहिली नोकरी होती.