दोन बोटं

दर तीन आठवड्यांनी माझ्या वडिलांना, अप्पांना, इम्युनोथेरपीचं सलाइन लागायचं. फुप्फुसातली गाठ त्यानं लहान होत होती. डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, की हे औषध शरीराची ताकद जागी करतं, ती कधीकधी आतड्यावरच उलटते. जुलाब लागले तर त्याच दिवशी कळवा. डॉक्टर इंग्रजीत बोलायचे, म्हणून कळवायचं काम माझ्याकडे आलं.

चौथ्या सलाइननंतर अप्पा दिवसातून आठ-नऊ वेळा जायला लागले. दाजीबानपेठेत आमचं कापडाचं दुकान. मागचा संडास चार दुकानांत मिळून एक. शेजारच्या दुकानदारानं विचारलं, "काय अप्पा, आज कापड मोजायलाय की फेऱ्या?" दुसऱ्या दिवसापासून अप्पा घरीच बसले.

सोमवारी हॉस्पिटलातून नर्सचा नेहमीचा फोन आला. अप्पा समोर बसले होते. "किती वेळा?" तिनं विचारलं. अप्पांनी दोन बोटं वर केली.

"दोन," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "नऊ सांगितलं तर औषध बंद करतील. चारचौघांत माझी अब्रू काढतीस काय?"

मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं होतं. अप्पांच्या पोटाबद्दल आमच्यात कधी कुणी बोललं नव्हतं. दोन म्हटलं की नर्स पुढचा प्रश्न विचारायची. त्यांची मोठी बहीण, आमची अक्का, मेडिकलमधून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणायची. "उष्णता आहे, दहीभात खा," म्हणायची. तीन सोमवार मी दोनच सांगितले.

पुढच्या सलाइनच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये आमचा नंबर आला. अप्पा खुर्चीवरून उठले तेव्हा खुर्ची ओली होती, आणि त्यात रक्त होतं. शेजारच्या बाईनं आपली पिशवी उचलून लांब ठेवली. "बघू नको," अप्पा मला म्हणाले. मी बघितलं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टर इंग्रजीत माझ्याशीच बोलले. आतडं आतून सोललं गेलं होतं. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर काही दिवस स्टेरॉइड देऊन कदाचित सलाइन पुन्हा सुरू करता आलं असतं. आता हे औषध कधीच द्यायचं नाही.

"काय म्हणतात?" अप्पांनी विचारलं.

"बंद केलं," मी सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही.

घरी आल्यावर ते अक्काला म्हणाले, "एवढं इंग्लिश शाळेत घातलं हिला. एक गोष्ट नीट सांगता आली नाही."

 

स्टेरॉइडनं जुलाब थांबले. गाठ परत वाढायला लागली आहे. सोमवारी नर्सचा फोन येतो. किती वेळा, ती विचारते.

"दोन," मी सांगते. आता ते खरं आहे.

"मागंही तुम्ही दोनच सांगितलं होतं. घरातल्या दुसऱ्या कुणाला फोन द्या," ती म्हणते.

मी फोन अक्काकडे देते.