वरून घेतलेला घोट

हल्ली कोणी माझ्यासमोर वाइनची बाटली आणून ठेवली की मला कंटाळा येतो. मागच्या वर्षी सुनेचा भाऊ स्पेनची एक घेऊन आला आणि काका, तुम्हीच सांगा कशी आहे, म्हणून मागे लागला. मी वास घेतला, चांगली आहे म्हटलं आणि ग्लास त्याच्याकडे सरकवला. म्हातारा भाव खातोय असं त्याला वाटलं असणार. भाव कसला खातोय! माझी ती सगळी हौस साठ सालाच्या आसपास, मद्रास बंदरासमोरच्या एका गोदामात फिटली.

तेव्हा मी पंचविशीत होतो आणि परदेशी माल मागवणाऱ्या एका कंपनीत कारकून होतो. आम्ही तंजावरकडचे मराठी. आजोबांच्या वेळेपासून मद्रासला. राज्यात दारूबंदी होती. तरी आमच्या गोदामात दारू असे, कारण वकिलातींना, परदेशी माणसांना आणि दारूवाचून याची प्रकृती चालत नाही असा डॉक्टरचा दाखला देऊन परमिट काढलेल्या थोड्या लोकांना ती रीतसर मिळे. परमिटावर नाव, बापाचं नाव, पत्ता. म्हणजे सरकारी शिक्क्याचा दारुडा. आमच्या मैलापूरच्या गल्लीत परमिटापेक्षा तुरुंग बरा मानला असता. तुरुंगात निदान देशासाठी गेलो होतो असं सांगता आलं असतं.

गोदामाच्या प्रमुखाकडे ते परमिट होतं. तेही आमच्यातलेच, साठीला टेकलेले, विधुर. मी त्यांना मामा म्हणे. जुन्या गोऱ्या साहेबानं त्यांना चव घ्यायला शिकवलं होतं, आणि साहेब विलायतेला परतल्यावर कंपनीत वाइन कळणारे ते एकटेच उरले. नातेवाइकांनी मात्र त्यांना केव्हाच दूर केलं होतं. लग्नामुंजीत त्यांचं पान पंगतीच्या टोकाला मांडत, मध्ये एका पानाची जागा सोडून. मला ते बघवत नसे, पण त्यांच्या शेजारी जाऊन बसावं एवढी हिंमत मलाही कधी झाली नाही.

एका कार्तिकात, मद्रासच्या पावसाळ्यात, मामांना ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. वासामागून चवही गेली. गोड, खारट, आंबट एवढं ढोबळ कळे, बाकी शून्य. कंपनीला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं, आणि घर म्हणावं असं त्यांना काही नव्हतं. गोदामात त्यांना मान होता, तेवढाच काय तो. म्हणून त्यांनी मला हाताशी धरलं. आमची आई रोज सकाळी कॉफीचं बी घरी भाजायची, त्यामुळे ऑफिसच्या कॉफीत चिकोरी वाढली की मी नुसत्या वासावर सांगायचो. हे त्यांनी हेरून ठेवलं होतं.

मग तसंच चाललं. नवी पेटी आली की मामा आतल्या खोलीत ग्लासात बोटभर ओतत, मी वास घेऊन सांगे आणि ते आपल्या इंग्रजीत लिहीत. हुंगणं काही गुन्हा नाही, असं त्यांचं म्हणणं. स्पॅनिश माल त्यांचा लाडका. फिनो नावाची शेरी पिपात एका पांढऱ्या सायीखाली वर्षानुवर्षं मुरते. आमच्या घरी लोणच्यावर तशी साय धरली तर अख्खी बरणी फेकली जाई आणि दिवसभर आईचं तोंड चालू राही. फिनोला भिजवलेल्या बदामाच्या सालीचा वास येतो. ओलोरोसो नावाच्या शेरीला अक्रोडाचा आणि करपत आलेल्या गुळाचा. रिओहा नावाची तांबडी वाइन चांगली असली तर आधी मनुका आणि मागून जुन्या लाकडी पेटीचा वास येतो. दोन वर्षांत मला हे सगळं कळायला लागलं, आणि आवडायलाही लागलं. घरी गेल्यावर मात्र मी आधी आंघोळ करायचो.

तिसऱ्या वर्षी रिओहाच्या पेट्या आल्या तेव्हा बंदरात कामगारांचा संप होता. ऐन अग्निनक्षत्रात, मद्रासचा उन्हाळा जेव्हा माणसाला भाजून काढतो त्या दिवसांत, माल पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिला. तो हवा होता एका वकिलातीला, मेजवानीसाठी. मी हुंगून पाहिलं. मनुका होत्या, पण मागून काहीतरी टोचत होतं. ते काय, हे मला सांगता येईना. मामा म्हणाले की आता वासावर भागणार नाही, चव घ्यावी लागेल. घोट तोंडात धरायचा, जिभेवर फिरवायचा आणि बादलीत थुंकून टाकायचा. दार त्यांनी आतून लावून घेतलं.

मी ग्लास उचलला. आमच्याकडे पेल्याला ओठ लावत नाहीत. पाणी असो, कॉफी असो, मान मागे टाकून वरून धार सोडायची. ओठ लागला की पेला उष्टा. जन्मभर जे केलं तेच हातानं केलं: मान मागे गेली, धार सुटली आणि वाइन जिभेला वळसा घालून थेट घशाखाली उतरली. छातीत ऊन ऊन लागलं, एवढंच कळलं. थुंकायला तोंडात काही उरलंच नव्हतं. परमिट नसताना मी दारू प्यालो होतो, आणि ती कशी होती याचा मला पत्ता नव्हता.

मामांनी विचारलं, कशी आहे. परत एक घोट घ्यायची माझी तयारी नव्हती. चांगली आहे, मी म्हटलं. मामांनी बाटली उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. मग 'सरी', म्हणजे तमिळमध्ये ठीक आहे, असं म्हणाले आणि कागदावर सही केली.

मेजवानीत पाहुण्यांनी एकेक घोट घेऊन ग्लास खाली ठेवले. वाइन आंबली होती. दुसऱ्या दिवशी पेट्या परत आल्या आणि कंपनीच्या मोठ्या साहेबानं मामांना बोलावलं. टेबलावर दोन ग्लास होते, एकात चांगली वाइन आणि एकात रंग घातलेलं व्हिनेगर. साहेबानं विचारलं, यातली वाइन कुठली? जीभ लावली असती तर आंबट तरी कळलं असतं. मामांनी जुन्या साहेबानं शिकवल्याप्रमाणे दोन्ही ग्लास फक्त हुंगले, शांतपणे, आणि व्हिनेगरवर बोट ठेवलं. मी फाइल घेऊन दाराशी उभा होतो. चव मी घेतली होती, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. लग्न ठरलं होतं, आईला धक्का बसला असता, पोलीस आले असते, ही कारणं मी नंतर जमवली. खरं म्हणजे मी घाबरलो.

मामांची नोकरी गेली आणि ते मद्रासजवळच्या आवडी नावाच्या गावी भाचीकडे गेले. जावई संरक्षण खात्याच्या कारखान्यात होता, सरकारी क्वार्टर होतं. दोन महिन्यांनी, एका रविवारी, मी सेंट्रलहून गाडी पकडून तिथे गेलो. मामा ओट्यावर बसले होते. त्यांचं ताट आणि पेला बाहेरच्या खिडकीत वेगळे पालथे घातलेले होते. वाटेत जे घोकलं होतं ते मी सांगून टाकलं: तो घोट जिभेला लागलाच नव्हता, मी खोटं बोललो होतो.

"ठाऊक आहे," मामा म्हणाले. "वरून ओतलास तेव्हाच कळलं मला."

"मग सही का केलीत?"

"काय करूं? ओठ लावून परत घे म्हणून सांगायला बाटली उचलली होती की. तुझी आई आठवली. सोडून दिलं. हुंगण्यापर्यंत सरी होतं रे. त्यापुढे माझं जे झालं ते तुझं व्हायला नक्को म्हटलं."

आदल्याच आठवड्यात साहेबानं मामांची जागा मला दिली होती आणि परमिटाच्या अर्जावर मी सही करून आलो होतो. खरं तर तेही सांगायलाच मी गेलो होतो.

मामांनी विचारलं, आता आतल्या खोलीत कोण बसतं? मी म्हटलं, अजून कोणाला नेमलेलं नाही.

"बरं," मामा म्हणाले, "तुला विचारतील. तू हो म्हणूं नक्को."

मी नाही म्हणेन, असं त्यांना सांगितलं.