बसलेला बैल

बेंदराला आमच्या चाळीत घरोघरी मातीची बैलजोडी पुजायचे. आमच्या घरी मात्र तिसराही बैल असायचा, आणि तो बसलेला. जोडी कुंभाराकडून यायची. हा तिसरा वडील गिरणीतून आल्यावर स्वतःच्या हातानं करायचे. आजोबांनी त्यांना तसं शिकवलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. शेजारीण म्हणायची, "तुमचा बैल रातपाळी करून आलाय वाटतं, उठतच न्हाय की." तिला उलट उत्तर द्यायला मी कधी चुकले नाही.

आजोबा भावाशी भांडून सोलापूरला आले आणि गिरणीत लागले. राग असा पक्का, की मरेपर्यंत गावाचं नाव घेतलं नाही. मंगळवेढ्याकडचं, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यावाचून काही अडलंही नव्हतं. पण माझं लग्न ठरलं आणि बैठकीत मुलाच्या मामानं विचारलं, "गावाकडनं कोण कोण येणार? भावकी कुठली तुमची?" वडील पाहुण्यांपुढं पानसुपारी सरकवू लागले. मला त्या मामाचा इतका राग आला, की लग्नच मोडावंसं वाटलं. पाहुणे गेल्यावर वडील म्हणाले, "पोरीवर अक्षता टाकायला आपलं एक तरी माणूस पायजे."

लग्न दिवाळीनंतर होतं. सुट्टी मिळाली की वडील आणि मी एसटीनं मंगळवेढ्याकडची गावं फिरू लागलो. आडनाव सांगितलं की चहा यायचा आणि म्हातारे म्हणायचे, "व्हय व्हय, आमचंच असणार." अडचण तीच होती. आमचं आडनाव निम्म्या तालुक्याचं.

शेवटी मी वडिलांना म्हटलं, "दादा, आडनाव राहू द्या. बेंदराला जाऊ आणि बैल बघू." त्यांनी आमचा बैल जुन्या धोतरात गुंडाळून पिशवीत घेतला. सणाच्या दिवशी आम्ही लोकांच्या ओसऱ्यांत डोकावत फिरलो. कुत्री मागं लागली. दुपारी एका घरी पाटावर जोडी दिसली, आणि जोडीमागं बसलेला बैल. पाय तसेच मुडपलेले, मान तशीच डावीकडं. वडिलांनी पिशवीतून काढून आमचा बैल त्याच्याशेजारी ठेवला.

आतून एक म्हातारी आली. तिनं बैल बघितले, मग वडिलांचा चेहरा.

"कुणाचा तू?"

वडिलांनी आजोबांचं नाव सांगितलं. ती आजोबांची धाकटी बहीण निघाली, माहेरीच राहिलेली. आधी रडली, मग चिडली. "आमचा बैल रानात बसला, उठंना. तितं खणलं तर हिरीला पानी लागलं. सगळं घर जगलं त्यावर. भांडून गेला त्यो, आन् बैल तेवढा केला व्हय?"

"दरसाल," वडील म्हणाले.

"मग भांडान कुटं ऱ्हायलं? बसा. पोळ्या गार झाल्या."

शेवटची एसटी चुकली आणि गिरणीत वडिलांचा खाडा झाला. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

लग्नाला गावाकडून ट्रक भरून माणसं आली. मुलाच्या मामाला बसायला जागा उरली नाही, याचा मला अजून आनंद आहे. वडील मांडवभर फिरत ज्याला त्याला सांगत होते, "ही माझी आत्या." आणि या आत्यानं मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीच मूठभर अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या. भटजी म्हणाले, "आजी, जरा थांबा."

ती म्हणाली, "लई थांबले की."