हरिभाऊ आणि न आलेली मुक्कामाची गाडी

दिवाळीनंतरचा पहिला शनिवार, मार्गशीर्षातली एक संध्याकाळ आणि माघी गणपतीचा दुसरा दिवस. या तीन तारखांना वसईजवळच्या उमेळ्याचे हरिभाऊ आणि मी पिशव्या घेऊन बसस्थानकावर उभे होतो, आणि तिन्ही वेळा घरी परतलो. यास जबाबदार कोण, तेही येथेच नोंदवतो : ज्यांनी तानसा नदीच्या खोऱ्यात जाणारी मुक्कामाची गाडी बंद केली ते, ज्यांनी बंद केलेल्या गाडीची वेळ फलकावर तशीच राहू दिली ते, आणि चौकशीच्या खिडकीत बसून ज्यांनी दोनदा ‘येईल’ असे सांगितले ते. चौथी तारीख फाल्गुनातली. त्या पहाटे हरिभाऊंचा मुलगा प्रशांत याचा फोन आला. “काका, बाबा गेले...” ही चौथी तारीख मी कोणाच्याही माथी मारत नाही. माणसाचे हृदय कोणत्याही खात्याच्या अखत्यारीत येत नाही. पहिल्या तीन तारखा मात्र येतात.

हरिभाऊ वाडीवाले. केळी, पानवेल, थोडा मोगरा. वाडीच्या तिन्ही अंगांनी इमारती उठल्या तरी त्यांनी पाण्याचे पाट मोडू दिले नाहीत. मी न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालेला, वसई रोडला सदनिका घेऊन राहिलेला उपरा. त्यांच्या कुंपणातून रस्त्याची आखणी झाली तेव्हा हरकतीचा अर्ज मी लिहून दिला, तेथून आमचे जुळले. मी वकील नाही हे पक्के ठाऊक असल्यामुळेच ते मला वकील म्हणत. “काय वकील, आज कोणाला नोटीस?” हा त्यांचा नमस्कार. इतकी वर्षे येथे राहून मी वज्रेश्वरीच्या कुंडांपलीकडे नदी पाहिलेली नाही, हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, तुम्हाला नदीसुद्धा टपालाने पाठवायची का?”

ते स्वतः तरुणपणापासून दर हिवाळ्यात एक रात्र त्या खोऱ्यात काढत. त्याची रीत ठरलेली होती. संध्याकाळची शेवटची बस खोऱ्याच्या टोकाच्या गावात मुक्कामाला जाते; चालक-वाहक शाळेच्या ओसरीवर झोपतात आणि सकाळी तीच गाडी परत फिरते. हरिभाऊ त्यांच्यासोबत जात, शेकोटीशी बसून त्यांना वाडीतली सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, देत, त्याच ओसरीवर पथारी टाकत. सकाळी मात्र गाडीत न बसता तांबडे फुटताच नदीकाठाने खाली चालू लागत. डोहात अंघोळ, दगडावर बसून न्याहारी. मागून गाडी आली की हात दाखवायचा. चालक ओळखीचा, तो थांबतोच. गाडी आधी आली तर चालणे कमी, उशिरा आली तर नदी जास्त. सहलीचा सारा बेत एवढाच.

दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी त्यांना चढ-उतार बंद करायला सांगितले. त्यांनी एवढेच ऐकले की आता उशीर नको. प्रशांत म्हणाला, “बाबा, माझ्या गाडीने चला, दुपारपर्यंत परत आणतो.” हरिभाऊ हसले. “तेच तर. तू नेशील आणि लगेच आणशील. काचेतून नदी दाखवशील, टीव्हीसारखी.” मीही त्यांना हळूच सुचवून पाहिले. तेव्हा ते गंभीर झाले. “वकील, प्रशांतच्या गाडीत आपण चौघेच असतो. त्या बशीत अख्खं खोरं घरी चाललेलं असतं. बाजार, कोंबड्या, पोरीबाळी... ते बघायला जायचंय. पुढचा हिवाळा मिळेल याचा हुकूम तुमच्या कोर्टातून आणून देता का?”

फलकावर गाडीचे नाव होते, वेळ होती. पहिल्या दिवशी अंधार पडेपर्यंत वाट पाहून मी खिडकीशी गेलो. “बोर्डावर आहे ना? मग येईल.” मार्गशीर्षात तेच उत्तर, वर “चालक नाहीत वाटतं” ही पुस्ती. माघात खिडकीतल्या नव्या मुलीने संगणकात पाहून सांगितले, “आजोबा, अशी गाडीच नाही.” मी फलकाकडे बोट दाखवले. ती म्हणाली, “ते जुनं आहे.” हरिभाऊ माझी बाही ओढत म्हणाले, “चला हो. आपणही जुनेच. आपल्यालाही कोणी पुसलं नाही अजून.” बाकड्यावरून उठताना त्यांनी माझा खांदा धरला, तो रिक्षापर्यंत सोडला नाही. मी पत्रे लिहिली, पोच घेतल्या. एकाही पत्राला उत्तर नाही.

दहाव्यानंतर आम्ही अस्थी घेऊन खोऱ्यात गेलो. प्रशांतच्या मोटारीने. दुसरा मार्गच नव्हता. मागच्या सीटवर हरिभाऊंच्या पत्नी विमलवहिनी मांडीवर कलश घेऊन बसलेल्या. वज्रेश्वरी मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, “प्रशांत, ती काच खाली कर रे. त्यांना वारा लागू दे.”

टोकाच्या गावात मोटार थांबली तशी माणसे जमली. माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे आणि काखेतल्या पत्रांच्या फाइलीकडे पाहून एका बाईने विचारले, “साहेब, तुमी गाडीचं सांगाय आले का? कवा चालू होनार?” तिची मुलगी दहावीनंतर घरी बसली होती, कॉलेजची वाट बसची होती. मी म्हणालो, आम्ही हरिभाऊंना घेऊन आलो आहोत. “सुकेळीवाले बाबा?” असे म्हणून तिने डोक्यावर पदर घेतला आणि ती आमच्यापुढे नदीची वाट दाखवत चालू लागली. तिचा प्रश्न मी फाइलीत लिहून घेतला. अस्थी सोडताना त्या काठावर मला दुःखापेक्षा संताप अधिक झाला, आणि तो मी लपवणार नाही.

म्हणून ही जाहीर मागणी. ही गाडी कोणाच्या आदेशाने बंद झाली, कोणत्या कारणाने, आणि बंद करण्यापूर्वी खोऱ्यातल्या एका तरी माणसाला विचारले होते काय? मला पत्रोत्तर नको. ज्यांची सही आहे त्यांनी त्या गावच्या थांब्यावर उभे राहून, त्या बाईला आणि तिच्या मुलीला तोंडावर उत्तर द्यावे. आणि तेथे सरकारी मोटारीतून येऊ नये.