लंघनाचं औषध

आमच्या घरात पोटाच्या प्रत्येक तक्रारीवर एकच औषध होतं, लंघन. मी ओकले की आई म्हणायची, "पित्त झालंय, आज काही खाऊ नकोस." मी खायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घर निजलं की शिळ्या पोळ्या, गूळ, लाडू, हाताला लागेल ते कोंबायची आणि मोरीत जाऊन ओकायची. मग पुन्हा पित्त, पुन्हा लंघन. वर सोमवार, गुरुवार, चतुर्थी होतेच. पंचवटीतल्या आमच्या गल्लीत माझ्या उपवासांचं केवढं कौतुक! ओकून ओकून माझे दात झिजत चाललेत, हे मात्र कुणाच्या गावीही नव्हतं.

ऐंशीनंतरची गोष्ट. कॉलेजात चक्कर येऊन पडले, तेव्हा आईनं मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी आईला बाहेर बसवून मला विचारलं, "चोरून खातेस का?" इतकं सरळ कुणी विचारलंच नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "हा हावरेपणा नाही आणि पित्तही नाही. आजार आहे. उपाशी ठेवलंस की पोट सूड उगवणारच." मग आईला आत बोलावून उपाय सांगितला. रोज ठरल्या वेळी खायचं, जेवल्यावर कुणीतरी सोबत बसायचं, दर आठवड्याला बोलायला यायचं आणि उपवास एकही नाही.

"देवीचासुद्धा?" आईनं विचारलं.

"देवीचासुद्धा."

पुढच्याच महिन्यात नवरात्र आलं. आमच्याकडच्या सगळ्या बायका नऊ दिवस उपवास धरत. घट बसले त्या दुपारी मी ताट वाढून घेतलं. कळवणहून आलेल्या आत्या दारातच थबकल्या.

"घट बसलेत अन् पोरगी जेवतीय? देवी कोपंल ना."

"कोपू दे," मी म्हटलं. "इतके उपवास केले, तेव्हा कुठं प्रसन्न झाली?"

भात कालवताना भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा राग मोठा होता. आई स्वतः उपाशी, तरी माझं जेवण झालं की तांदूळ निवडायला माझ्या शेजारी बसायची आणि मला उठू द्यायची नाही. पोटात घास दगडासारखे बसत. पाचव्या माळेला तिची नजर चुकवून मी मोरीत गेलेच. बाईंनी बजावलं होतं, चुकलीस तरी शिक्षा म्हणून उपाशी राहायचं नाही, पुढचं जेवण वेळेवर करायचं. मी केलं, आत्यांच्या समोर बसून केलं.

दरवर्षी दसऱ्याला उपवास सुटले की माझा ताबा सुटायचा. त्या दसऱ्याला मी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि थांबले.

"घे की अजून," आत्या म्हणाल्या. "नाय तरी नऊ दिवस काय सोडलंस?"

"पोट भरलं, आत्या."

वर्षानुवर्षं हे मी खोटंच बोलत आले होते. त्या दिवशी ते खरं होतं, म्हणून पुन्हा एकदा, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हटलं.