वैशालीची तांबी आणि माझं ‘थांबा!’

“तिसरं बाळंतपण यांना झेपायचं नाही,” सांगलीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. माझ्या बायकोची, वैशालीची, दोन सिझेरियन झालेली, दुसऱ्या वेळी रक्तही चढवावं लागलेलं. उपाय होता कॉपर-टी, म्हणजे गर्भाशयात बसवायची तांबी.

वैशालीचा चेहरा उतरला. आधीच्या दवाखान्यात तांबी बसवताना कळ सोसवेना, ती बेशुद्ध पडली आणि तांबी बसवायची राहूनच गेली. पुन्हा त्या टेबलावर चढायचं नाही, हे तिचं ठरलेलं.

मी धीर दिला. “अगं, मुंगी चावल्यासारखं असतंय.”

“तुमाला चावलीय कवा?”

डॉक्टरबाई मात्र म्हणाल्या, “दुखतं, हे खरंय. म्हणून आधी त्याची सोय करू.”

ठरलेल्या दिवशी मी वैशालीला रहिमतपुराहून उपाशी आणलं. दवाखाना म्हणजे रिकामं पोट, एवढंच माझं वैद्यकीय ज्ञान.

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, उपाशीपोटी चक्कर लवकर येते. खाऊन यायला सांगितलं होतं ना?”

सांगितलं होतं. मी मानही डोलावली होती. पळत जाऊन इडल्या आणल्या.

“लय हुशार नवरा हाय माझा,” वैशाली नर्सबाईंना म्हणाली.

खाणं झाल्यावर पेटके कमी करणारी गोळी दिली आणि तासभर बसवलं. मग पॅरासर्व्हायकल ब्लॉक, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाजवळ भुलीचं इंजेक्शन. तेही टोचतं, खोटं कशाला सांगू! पण त्याआधी डॉक्टरबाई तिला म्हणाल्या, “तुम्ही ‘थांबा’ म्हणालात की मी थांबणार. कारण सांगायची गरज नाही.”

मी उशाशी तिचा हात धरून उभा. तिच्या कपाळावर आठी पडली, बोटं आवळली गेली, आणि मीच ओरडलो, “थांबा!”

डॉक्टरबाई खरंच थांबल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. “वैशालीताई, थांबू?”

तिनं डोळे उघडले. “मला सोसतंय. ह्यांना भाईर काढा.”

मी बाहेरच्या बाकावर नखं खात बसलो. थोड्या वेळानं नर्सबाईंनी हाक मारली. तांबी बसली होती आणि वैशाली चांगली शुद्धीवर होती. संध्याकाळपर्यंत ओटीपोटात कळा येत राहिल्या, गरम पाण्याच्या पिशवीनं त्या निवळल्या.

तुमच्या घरात कुणाला तांबी बसवायची असेल, तर दुखू नये म्हणून काय करणार, हे डॉक्टरांना आधी विचारा. उत्तर ऐकूनही घ्या, नुसती मान डोलावू नका.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, “डॉक्टरबाई लय भारी हायत.”

“व्हय,” वैशाली म्हणाली. “त्यांनी मला इचारलं.”